भाजलेल्या जखमेचं ड्रेसिंग आणि संमोहन

प्रश्न: आम्ही चोपडा तालुक्यातले. बिबड्यांचा (ज्वारीच्या पापडांचा) घाटा ढवळताना पातेलं कलंडलं आणि आईचा उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत आणि डावी मांडी भाजली. आईचं वय ५२. आता अठरा दिवस झाले. एक दिवसाआड ड्रेसिंग असतं. पट्टी सोडवताना ती इतकी ओरडते की बाहेर बाकावर ऐकू येतं, आणि आता तर आदल्या संध्याकाळपासूनच रडायला लागते, जेवत नाही. हात भरत आलाय, पण मांडीवर एका जागी कातडं लावावं लागेल असं डॉक्टर म्हणाले. ओळखीतल्या एकाने जळगावच्या एका संमोहनवाल्याकडे नेलं. तो म्हणतो, तीन बैठकांत दुखणं कायमचं बंद करतो, नऊ हजार रुपये, पण गोळ्या आधी बंद करा, गोळी चालू असली की संमोहन लागत नाही. भूल न देता केलेल्या ऑपरेशनचा व्हिडिओही त्याने दाखवला. वडील म्हणतात, हे अंगात आणण्यासारखंच झालं, ती त्यातून बाहेर आली नाही तर? संमोहनाने खरंच दुखणं कमी होतं का? घरी मला काही करता येईल का?

उत्तर: ताई, पहिली गोष्ट, गोळ्या बंद करू नका. बाकी सगळं सावकाश वाचलंत तरी चालेल, पण परवाचं ड्रेसिंग गोळीशिवाय होता कामा नये. आणि त्या माणसाला नऊ हजार देऊ नका. संमोहन खोटं आहे म्हणून नव्हे. ते खरं आहे, आणि भाजलेल्या माणसाच्या ड्रेसिंगसाठी तर फारच उपयोगाचं आहे. पण तो जे विकतोय ते संमोहन नाही.

तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर 'हो' आहे. अमेरिकेत सिएटल इथल्या भाजलेल्या रुग्णांच्या केंद्रात डेव्हिड पॅटरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच तपासलं: ड्रेसिंगच्या आधी संमोहन दिलं तर ड्रेसिंगच्या वेळची वेदना कमी होते का. त्यांना दिसलं की ज्यांची वेदना मुळात जास्त होती, त्यांना फायदाही जास्त झाला. म्हणजे तुमच्या आईसारख्या, बाहेरच्या बाकापर्यंत ओरडणाऱ्या बाईला यातून काही मिळण्याची शक्यता कमी नाही, उलट जास्त आहे.

हे 'नुसतं मनाचं समाधान' नाही, हे कसं कळलं तेही सांगतो, कारण वडिलांना पटवायला ते कामी येईल. १९९७ साली पिएर रेनव्हिल यांच्या गटाने लोकांना ४७ अंश तापमानाच्या पाण्यात हात घालायला लावला आणि संमोहनात सूचना दिली की या चटक्याचा त्रास आता कमी वाटेल. पाणी तेवढंच गरम, हात तोच. चटका किती तीव्र आहे हे लोक जवळपास आधीइतकंच सांगत होते, पण त्याचा जाच कमी झाला होता. आणि मेंदूच्या स्कॅनमध्ये, वेदनेच्या जाचाशी जोडलेल्या भागाचं काम त्याच प्रमाणात बदललेलं दिसलं. वेदनेला असे दोन पदर असतात: एक, कुठे आणि किती दुखतंय, दुसरा, ते किती नकोसं होतंय. तुमच्या आईचं संध्याकाळपासूनचं रडणं या दुसऱ्या पदरातलं आहे. त्या वेळी जखमेला कुणी हातही लावलेला नसतो. उपाशीपोटी, न झोपता, घाबरलेली बाई टेबलावर येते, तेव्हा तीच पट्टी तिला जास्त दुखते. संमोहनाचा सगळ्यात मोठा हात इथे चालतो.

किती कमी होईल? सगळ्यांना सारखं नाही. साधारण दहातला एखाददुसरा माणूस संमोहनात फार लवकर आणि खोल जातो, तितक्याच लोकांना ते जवळपास लागतच नाही, आणि उरलेले बहुतेक मधे असतात. २०१९ साली ८५ प्रयोगांचा एकत्र आढावा निघाला. हे प्रयोग मुद्दाम वेदना देऊन केलेले होते, त्यात ३,६३२ लोक होते. चांगली ग्रहणशक्ती असलेल्यांची (म्हणजे संमोहनातली सूचना सहज लागणाऱ्यांची) वेदना सरासरी ४२ टक्के आणि मध्यम असलेल्यांची २९ टक्के कमी झाली. दवाखान्यातलं ड्रेसिंग प्रयोगशाळेपेक्षा कठीण, म्हणून हाच आकडा जसाच्या तसा धरू नका. पण 'कायमचं बंद' असं त्यात कुठेही नाही, हे लक्षात घ्या. ग्रहणशक्ती कमी असणं म्हणजे मन कमकुवत किंवा घट्ट असणं नव्हे. काहींचा आवाज चांगला असतो, काहींचा नसतो, तेवढंच ते आहे.

आता गोळीचं. 'गोळी चालू असली की संमोहन लागत नाही' हे साफ चुकीचं आहे. बोस्टनच्या एल्विरा लँग यांनी २००० साली २४१ रुग्णांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. रक्तवाहिनीत किंवा मूत्रपिंडात नळी घालण्याच्या प्रक्रिया होत्या, रुग्ण जागे होते, आणि वेदनेचं औषध मागितलं की मिळत होतं. ज्यांना सोबत स्वतः करायचं संमोहन शिकवलं होतं, त्यांना औषध कमी लागलं आणि प्रक्रियाही लवकर आटोपल्या. औषध हाताशी होतं, म्हणून ते कमी घेता आलं. ते काढून घेतलं असतं तर रुग्ण धास्तावले असते, आणि धास्तावलेल्या माणसाला संमोहन शिकवणं फार अवघड. तेव्हा गोळीच्या जोडीला संमोहन, गोळीच्या जागी नाही. गोळी कमी करायची का, हे डॉक्टर ठरवतील, तेही काही ड्रेसिंग नीट पार पडल्यावर.

उलट एक गोष्ट तपासा. गोळी आई कधी घेते? पुष्कळ घरांत ती सकाळच्या चहाबरोबर दिली जाते आणि ड्रेसिंग होतं साडेअकराला, किंवा दवाखान्यात पोचल्यावर रांगेत घेतली जाते आणि दहा मिनिटांत नंबर लागतो. तोंडाने घ्यायच्या बहुतेक वेदनाशामक गोळ्यांना अर्धा ते एक तास लागतो. डॉक्टरांना सरळ विचारा: 'ड्रेसिंगच्या किती आधी द्यायची, आणि ड्रेसिंगसाठी वेगळी जास्तीची काही देता का?' मनाने दुसरी गोळी वाढवू नका. चोपड्याहून येताना रस्त्यात उशीर होतो, नंबर पुढे-मागे होतो, म्हणून गोळी सोबत पिशवीत ठेवा आणि नंबर किती पुढे आहे ते पाहून द्या. एवढ्यानेही कधी कधी निम्मं काम होतं.

व्हिडिओबद्दल. असे व्हिडिओ खरेही असतात, पण त्यात काय दिसत नाही ते महत्त्वाचं. बेल्जियममधल्या लिएज शहरात १९९२ पासून मारी-एलिझाबेथ फेमोनव्हिल या भूलतज्ज्ञ डॉक्टरांनी गळ्यातल्या थायरॉइडच्या शस्त्रक्रियांसाठी संमोहन वापरलं. पूर्ण बेशुद्धी नाही, हे खरं. पण जागा बधिर करणारं इंजेक्शन असतं, शिरेतून थोडं औषध असतं, भूलतज्ज्ञ पूर्ण वेळ उशाशी असतो, आणि गरज पडली तर पूर्ण भूल द्यायची तयारी असते. आपल्याच देशात १८४५ साली हुगळीला जेम्स एस्डेल या सर्जनने त्या काळच्या 'मेस्मेरिझम'च्या, म्हणजे संमोहनाच्या जुन्या रूपाच्या, पद्धतीने मोठमोठ्या गाठी काढल्या होत्या. तेव्हा ईथर किंवा क्लोरोफॉर्मची भूल अजून आलेली नव्हती, दुसरा मार्गच नव्हता. आज मार्ग असताना तो सोडून द्यायला सांगणारा माणूस रुग्णाचं भलं बघत नाही. आईच्या मांडीला कातडं लावायचं झालं तर भूल द्यावीच लागेल.

वडिलांची भीती मात्र हसण्यावारी नेऊ नका. खान्देशात कानबाई देवीच्या उत्सवाच्या वेळी, जागरणात अंगात येताना आपण सगळ्यांनीच पाहिलेलं असतं, आणि 'डोळे मिटून दुसऱ्याच्या बोलण्याने चालणं' म्हटलं की तेच डोळ्यांपुढे येतं. त्यांना असं सांगा: संमोहनात आई सगळं ऐकत असते, तिला हवं तेव्हा ती डोळे उघडू शकते, नको ते सांगितलं तर करत नाही. झोप नाही, बेशुद्धी नाही. शेतात खुरपणी करताना बाई गाण्यात रमते आणि ऊन कधी डोक्यावर आलं ते कळत नाही, त्या रमण्याच्या जवळचं हे आहे. त्यात अडकून पडणं होत नाही. बोलणारा मधेच उठून गेला तरी माणूस एकतर आपणहून डोळे उघडतो किंवा साधी झोप लागून उठतो. वडिलांना पहिल्या सरावाला शेजारी बसवा, दार उघडं ठेवा. पाहिलं की भीती जाते.

शिकवायला माणूस कुठला, याला या क्षेत्रात एक जुना नियम आहे: जो आजार तुम्हाला संमोहनाशिवाय हाताळता येत नाही, तो संमोहनानेही हाताळू नका. म्हणजे भाजलेल्याच्या वेदनेसाठी संमोहन देणारा डॉक्टर असावा, किंवा दवाखान्यासोबत काम करणारा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते, नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. दोन-चार दिवसांचं शिबिर करून भिंतीवर लावलेलं प्रमाणपत्र म्हणजे परवाना नव्हे. तुमच्या सगळ्यात जवळ जळगावचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. धुळ्याला आणि नंदुरबारलाही आहे. तिथल्या मानसोपचार विभागाच्या बाह्यरुग्ण विभागात केसपेपर काढून विचारा, 'ड्रेसिंगच्या वेदनेसाठी आईला संमोहन किंवा शिथिलीकरण (अंग-मन सैल सोडण्याचा सराव) कुणी शिकवेल का?' संमोहन शिकलेला माणूस प्रत्येक ठिकाणी भेटेलच असं नाही, पण शिथिलीकरण आणि भीती उतरवणं बहुतेकांना येतं, आणि ड्रेसिंगला तेही पुष्कळ आहे. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत नंबर आहे, जवळ कोण आहे ते तिथून कळू शकेल. तज्ज्ञाने विचारलेल्या पहिल्या दोन-तीन प्रश्नांवरून त्याची पारख होते. गोळ्या कोणत्या, जखम कुठे, पूर्वी मानसिक आजार, फिट किंवा शुगर आहे का, हे न विचारता थेट डोळे मिटायला सांगणाऱ्याकडे थांबू नका. मागचा जन्म, लहानपणात नेणं वगैरे कुणी काढलं तर उठून या. ड्रेसिंगशी त्याचा काही संबंध नाही, आणि त्या अवस्थेत न घडलेल्या गोष्टी घडल्यासारख्या आठवायला लागतात, हा धोका खरा आहे.

तज्ज्ञ मिळेपर्यंत घरी तुम्ही काय करू शकता ते आता नीट सांगतो. आईला कधी भास झाले असतील, गंभीर नैराश्य असेल, फिट येत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा, तोवर नुसता श्वासाचा भाग करा.

सराव ड्रेसिंग नसलेल्या वेळी सुरू करायचा, दुखणं सगळ्यात कमी असेल तेव्हा. सकाळी एकदा, रात्री झोपताना एकदा, दहा ते पंधरा मिनिटं. सगळ्यात जास्त चूक इथेच होते: लोक पहिल्यांदा थेट ड्रेसिंगच्या टेबलावर करून बघतात, ते लागत नाही, आणि 'याचा काही उपयोग नाही' म्हणून सोडून देतात. पोहणं पुरात शिकता येत नाही.

आईला पाठ टेकून बसवा किंवा आडवं करा, भाजलेला हात उशीवर. फोन बंद. दिवसाचा पंखा, शेजारची टीव्ही, अंगणातली माणसं, हे आवाज पूर्ण थांबणार नाहीत. सुरुवातीलाच सांगून टाका की 'बाहेरचे आवाज आले तरी येऊ दे, त्यांचं काही करायचं नाही.' मग छताजवळची एखादी खूण, खिळा, कोनाडा, डोळ्यांच्या जरा वर असेल अशी, तिच्याकडे बघायला सांगा. नजर वर राहिली की पापण्या आपोआप जड होतात. श्वास चार अंकांत आत, सहा अंकांत बाहेर. पाच-सहा श्वासांनंतर डोळे मिटू द्या. तुमचं बोलणं तिच्या सोडलेल्या श्वासावर पडलं पाहिजे. श्वास आत घेताना गप्प राहा. ही गोष्ट छोटी वाटते, पण बराचसा परिणाम हिच्यावर असतो.

भाषा घरचीच ठेवा. तुमच्या घरात अहिराणी बोलत असतील तर पुस्तकी मराठीत 'आता आपण शिथिल होत आहात' म्हणू नका, आई लगेच सावध होऊन बसेल. 'माय, डोया मिची ले. दम हयूहयू सोड. आते काहीच घाई नही. मी आठेच शे.' (आई, डोळे मिटून घे. श्वास हळूहळू सोड. आता काहीच घाई नाही. मी इथेच आहे.) एवढं पुरे. तेच तेच परत म्हणा. मोठी माणसं लेकराला झोपवताना बोलतात तो आवाज, त्याहून गोड करायचा प्रयत्न नको.

मग दहापासून एकपर्यंत उलटे अंक, प्रत्येक श्वासाला एक, आणि तिला तिच्या आवडीच्या गार जागी न्या. जागा तिने निवडायची, आधी विचारून ठेवा. तिकडे केळीच्या बागेतली सावली आणि पाटाचं वाहतं पाणी बहुतेक बायका निवडतात. माहेरचा ओटा, पावसाची पहिली सर, काहीही चालेल. तिथे काय दिसतं, काय ऐकू येतं, पायाला कसं लागतं, हे तिला एकेक करून बघू द्या. एका गोष्टीची काळजी घ्या. मोबाईलवर मिळणाऱ्या शिथिलीकरणाच्या पुष्कळ आवाजफितींत 'अंगातून ऊब पसरते आहे, सूर्याचा उबदार प्रकाश' असं असतं. भाजलेल्या बाईला हे ऐकवू नका. चूल, दिवा, ऊन, वाफ, काही नको. फक्त गारवा.

आता मुख्य भाग. सरावाच्या आधी आईचा न भाजलेला डावा हात माठातल्या पाण्यात मिनिटभर बुडवा. बर्फ नको, माठाचंच पाणी. बोटांना गार कसं वाटतं, मग थोडं बधिर कसं वाटतं, ते तिला नुसतं लक्षात ठेवू द्या. मग हात पुसून वरच्याप्रमाणे डोळे मिटवून ती त्या आठवणीत परत जाते: बोटं गार, तळवा गार, मनगटापर्यंत जणू गार हातमोजा घातलाय. 'हात थंडा पडी ऱ्हायना.' दोन-तीन मिनिटं इथे थांबा. हात जड वाटला, मुंग्या आल्या, दूर गेल्यासारखा वाटला, तर ते लागतंय. मग तो हात हळूच उचलून भाजलेल्या भागाच्या वर, पट्टीला न टेकवता, धरायचा आणि गारवा तिकडे उतरतोय असं बघायचं. पट्टीवर प्रत्यक्ष पाणी, बर्फ, तेल काही लावायचं नाही, हे सगळं मनात. कुणाला गारवा जमत नाही, पण 'मी खोलीच्या कोपऱ्यात बसून टेबलावरच्या हाताकडे बघतेय' हे जमतं. कुणाला दोन्ही जमत नाही, पण जात्यावरच्या ओव्या मनात म्हणत ती हरवून जाते. जे लागेल ते. तिन्ही एकदम करायला लावू नका.

परत येताना एक ते पाच सरळ अंक, प्रत्येक अंकाला हातपाय थोडे हलवायचे, पाचला डोळे उघडायचे. पूर्ण जागी झाल्यावर, दोन मिनिटं बसून, मगच उठायचं. झोप लागली तर लागू दे, रात्रीच्या सरावाला ते चांगलंच. पण दिवसाचा सराव रोज झोपेत जात असेल तर बसवून करा, नाहीतर टेबलावर ती झोपायची वाट बघत बसेल आणि झोप काही येणार नाही.

सरावाच्या शेवटी, परत येण्याआधी, एक खूण पक्की करा. तुम्ही तिच्या डाव्या खांद्यावर तळवा ठेवायचा आणि म्हणायचं, 'हा हात खांद्यावर पडला की दम लांब सुटतो, आणि हात थंडा पडतो.' सिएटलला हीच युक्ती वापरली: ड्रेसिंगच्या आधी निवांतपणे सूचना द्यायच्या, आणि प्रत्यक्ष ड्रेसिंगला नर्सने खांद्याला स्पर्श केला की त्या जाग्या व्हायच्या. यामुळे टेबलावर पंधरा मिनिटं डोळे मिटून बसावं लागत नाही.

दवाखान्यात सिस्टरांना आणि ड्रेसिंग करणाऱ्या दादांना दोन मिनिटं आधी भेटा. 'संमोहन' हा शब्द काढायचीही गरज नाही. म्हणा, 'आईला श्वासाचा सराव शिकवलाय, मी खांद्याला हात लावून उभी राहिले तर चालेल का? आणि तिने डावा हात वर केला की दहा सेकंद थांबाल का?' हा थांबण्याचा अधिकार आईला मिळणं फार मोलाचं आहे. बहुतेक जण तो एक-दोनदाच वापरतात, पण तो आहे एवढ्यानेच ओरडणं कमी होतं. चिकटलेली पट्टी सलाईनने भिजवून पाच-दहा मिनिटं थांबल्यावर सोडवतील का, हेही नम्रपणे विचारा. कोरडी ओढलेली पट्टी नवी कातडी घेऊन येते, आणि तिथे कुठलंही संमोहन टिकत नाही. अंगावर चादर हवी. भाजलेल्या माणसाला ड्रेसिंगला थंडी भरते, आणि गारवा आपल्याला फक्त हाताला हवाय.

बोलण्याकडे लक्ष द्या. 'आता थोडं दुखेल हं', 'आता झोंबेल', असं प्रेमाने सांगितलं तरी वेदना आणि भीती दोन्ही वाढतात. लँग यांच्या गटाने २००५ मध्ये हेही दाखवलं. तशीच गत 'दुखणार नाही, दुखणार नाही' या जपाची: कानात 'दुखणं' एवढंच राहतं. जे चाललंय ते साधं सांगा: 'पट्टीचं टोक उचलताहेत', 'पाणी सोडताहेत', 'आता अर्धं झालं'. आणि बाहेर थांबलेल्या मावशी-काकूंना आत घेऊ नका. 'अरे देवा, केवढं भाजलंय' हे एक वाक्य तुमचा चार दिवसांचा सराव उतरवून टाकतं.

मोजमाप ठेवा, नाहीतर फरक कळत नाही. आईला 'शून्य ते दहा' जमत नसेल तर आण्यात विचारा: रुपयाभर, म्हणजे सोळा आणे, दुखणं म्हणजे सहन होण्यापलीकडे, मग आज किती आणे? ड्रेसिंगनंतर लगेच दोन गोष्टी लिहा, दुखणं किती आणे आणि त्याचा जाच किती आणे. पहिल्या वेळी दुखणं चौदाचं तेराच झालं पण जाच चौदाचा नऊवर आला, तर तुम्ही बरोबर रस्त्यावर आहात. आदल्या रात्री ती जेवली का, झोपली का, हेही लिहा. तीन-चार ड्रेसिंगनंतरही काहीच हललं नाही, तर आईला किंवा स्वतःला दोष देऊ नका. काहींना हे लागत नाही. तेव्हा ड्रेसिंगसाठी जास्त जोराचं औषध देण्याबद्दल डॉक्टरांशी बोला, ते तिच्या हक्काचं आहे.

डोळे मिटल्यावर तिला तेच पातेलं, तोच घाटा अंगावर येताना दिसू शकतो. भाजलेल्या माणसांना हे होतं. अशा वेळी पुढे रेटायचं नाही. डोळे उघडायला लावा, पाय जमिनीला टेकवा, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं घ्यायला सांगा, पाणी द्या. त्या दिवशी एवढंच. अपघात कसा झाला ते सरावात कधीही विचारू नका. तो प्रसंग रोज रोज दिसत असेल, ती स्वयंपाकघरात पाय ठेवायला घाबरत असेल, तर ते मानसोपचारतज्ज्ञांचं काम आहे, आणि त्याला चांगले उपचार आहेत.

आणि दोन ड्रेसिंगच्या मधे दुखणं अचानक वाढलं, ताप आला, पट्टीला वास किंवा पू आला, लाली जखमेबाहेर पसरायला लागली, तर संमोहनाने ते दाबायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना. वेदना तेव्हा निरोप घेऊन आलेली असते. मांडीवरच्या ज्या भागाला दुखतच नाही तो बरा झाला, असंही समजू नका. खोल भाजलेल्या जागी कधी कधी संवेदनाच नसते.

कातडं लावायचं ठरलं तर हाच सराव ऑपरेशनच्या आधी कामी येईल. न्यूयॉर्कला गाय माँटगोमेरी यांनी २००७ मध्ये स्तनाच्या शस्त्रक्रियेला आलेल्या २०० बायकांवर अभ्यास केला. आत नेण्याआधी पंधरा मिनिटं संमोहन दिलेल्यांना भुलीचं औषध कमी लागलं, नंतर दुखणं आणि मळमळही कमी झाली. तुमच्या भूलतज्ज्ञांना आधी सांगून ठेवा की आईचा असा सराव आहे. एक गोष्ट मात्र फारसं कुणी सांगत नाही, ती तुम्ही आईला आधीच सांगा: जिथून कातडी काढतात ती चांगली जागा, कातडं लावलेल्या जागेपेक्षा पुष्कळदा जास्त दुखते. हे माहीत नसेल तर तिला वाटतं काहीतरी बिघडलं. गार हातमोजा त्या दिवसांत त्या जागेवर उतरवायचा.

हात भरत आलाय असं लिहिलंत, म्हणजे मनगटाचे आणि कोपराचे व्यायाम सुरू झाले असतील किंवा होतील. दुखतं म्हणून बाई हात छातीशी धरून ठेवते आणि कातडी आखडते. मग हात सरळ होत नाही. फिजिओथेरपिस्टने सांगितलेल्या व्यायामाच्या पाच मिनिटं आधी खांद्यावर हात ठेवून खूण द्या, लांब श्वास होऊ द्या, मग व्यायाम. पुढे काही आठवड्यांनी खाज सुरू होईल, रात्री जास्त. नखं कापून ठेवा, डॉक्टरांनी दिलेलं मलम लावा, आणि झोपतानाचा सराव तोपर्यंत सोडू नका. खाजेलाही गारव्याची सूचना चांगली लागते.